सोलापुरातून लोकसभेचा दिवस पाहताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अधिवेशन सुरू झालं की आमच्या अभ्यासिकेत दोन तऱ्हेची मंडळी टीव्हीसमोर बसतात. एक, एमपीएससीची तयारी करणारी पोरं. दुसरी, निवृत्त झालेली काका मंडळी. त्यांना सभागृहातला गोंधळ पाहून रोज संताप येतो आणि तरीही तो रोज पाहायचाच असतो. दोघांचे प्रश्न मात्र बरेचसे सारखेच. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं लोकसभेबद्दल आहेत; राज्यसभेत वेगळं असेल तिथे तसं सांगितलं आहे.

सकाळी अकराला संसद टीव्ही लावला, तर काय दिसेल?

प्रश्नोत्तराचा तास. अकरा ते बारा. नवा सदस्य शपथ घेणार असेल किंवा कुणाच्या निधनाचा उल्लेख असेल, तर आधी ते उरकतं. बाराला कागदपत्रं पटलावर, म्हणजे सभागृहाच्या मेजावर, ठेवली जातात, समित्यांचे अहवाल येतात, विधेयकं मांडली जातात आणि शून्य प्रहर सुरू होतो. एक ते दोन जेवणाची सुट्टी. दुपारनंतर नियम ३७७ खालचे विषय, मग विधेयकं किंवा मोठी चर्चा, संध्याकाळी सहापर्यंत. काम उरलं तर सभागृहाच्या संमतीनं वेळ वाढवतात. अर्थसंकल्पाच्या दिवसांत रात्री उशिरापर्यंत बसल्याचंही दिसेल.

राज्यसभेत क्रम उलटा आहे. तिथे अकराला शून्य प्रहर आणि बाराला प्रश्नोत्तरं, २०१४ च्या हिवाळी अधिवेशनापासून. दोन्ही सभागृहं पाहायची असतील तर हे सोयीचंच पडतं.

तारांकित आणि अतारांकित यांत फरक काय?

तारांकित प्रश्नाला मंत्र्याला उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचं उत्तर लेखी येतं, पटलावर ठेवलं जातं, चर्चा नाही. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत तारांकित २० आणि अतारांकित २३० असतात. राज्यसभेत १५ आणि १६०. प्रश्नाची सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते आणि कुणाचे प्रश्न यादीत येणार हे चिठ्ठ्या टाकून ठरतं. त्यामुळे आपल्या खासदारांचा प्रश्न आला नाही म्हणजे त्यांनी विचारलाच नाही, असं लगेच धरून चालू नका.

तारांकित प्रश्नात खरी गंमत उपप्रश्नांत असते. मूळ उत्तर मंत्रालयातल्या अधिकाऱ्यांनी तयार केलेलं असतं, ते मंत्री वाचूनही दाखवत नाहीत. पटलावर ठेवलं आहे एवढंच म्हणतात. उपप्रश्नाला मात्र स्वतःचं डोकं लागतं. मंत्र्याला खातं किती माहीत आहे, हे त्या दोन मिनिटांत कळतं. समाजवादी नेते मधू लिमये मूळचे पुण्याचे, निवडून आले बिहारमधल्या मुंगेर आणि बांक्यातून. नियमांची पुस्तकं कोळून प्यायलेला असा खासदार समोर असला की मंत्री तयारीनं येत, हे त्या काळातल्या भाषणांच्या नोंदी वाचल्या तरी लक्षात येतं.

यादीत वीस तारांकित प्रश्न असतात, मग तासात पाच-सहाच का होतात?

उपप्रश्नांमुळे. २७ नोव्हेंबर २०१९ ला वीसच्या वीस प्रश्न पुकारले गेले, तर तीच त्या दिवशीची बातमी झाली होती. मला विचाराल तर वीस उरकण्यापेक्षा पाचच नीट झालेले बरे.

गोंधळात तासच वाया गेला, तर त्या दिवसाच्या उत्तरांचं काय?

ती वाया जात नाहीत. तोंडी न झालेल्या तारांकित प्रश्नांची उत्तरं लेखी म्हणून पटलावर येतात आणि अतारांकितांची तर येणारच असतात. हा मुद्दा मी काका मंडळींना दर अधिवेशनात सांगतो आणि ते दर अधिवेशनात विसरतात. टीव्हीवर फलक घेऊन वेलमध्ये, म्हणजे अध्यक्षांच्या आसनासमोरच्या मोकळ्या जागेत, उतरलेले सदस्य दिसत असतात, पाच मिनिटांत कामकाज तहकूब होतं, आणि त्याच दुपारी अडीचशे उत्तरं संसदेच्या संकेतस्थळावर येऊन पडलेली असतात. ती वाचायला कुणाला वेळ नसतो, ही गोष्ट वेगळी.

बुडतात ते उपप्रश्न. आणि ते नुकसान मोठं आहे, कारण मंत्र्याला अडचणीत आणण्याची विरोधकांची सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात धारदार संधी तीच असते. सप्टेंबर २०२० मध्ये करोनाच्या कारणानं प्रश्नोत्तराचा तासच रद्द झाला तेव्हा विरोधी पक्ष भडकले होते, ते उगीच नाही.

यात सोलापूरची माहिती कशी शोधायची?

या पानावरचा सगळ्यात कामाचा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

संसद डॉट इन या संकेतस्थळावर लोकसभेच्या भागात प्रश्नांची यादी आहे. सदस्याचं नाव, मंत्रालय, तारीख किंवा विषयातला शब्द यांवरून शोधता येतं. फक्त ‘सोलापूर’ टाकून थांबू नका. आपले बरेच विषय मंत्रालयांत विखुरलेले आहेत. चादर, टॉवेल आणि यंत्रमाग वस्त्रोद्योग मंत्रालयात सापडतील. विडी कामगारांचे दवाखाने आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या श्रम मंत्रालयात. होटगी रस्त्यावरचं विमानतळ नागरी विमान वाहतूक मंत्रालयात, डाळिंब संशोधन केंद्र कृषी मंत्रालयात, एनटीपीसीचा १३२० मेगावॉटचा प्रकल्प ऊर्जा मंत्रालयात, आणि तुळजापूरमार्गे धाराशिवला जाणारा रेल्वेमार्ग अर्थातच रेल्वेकडे. कुंभारीच्या रे नगरातली कामगारांची घरं शोधायची तर गृहनिर्माण व शहरी कामकाज मंत्रालय.

दुसरं म्हणजे फक्त आपल्या खासदारांचेच प्रश्न पाहू नका. यंत्रमागाचा प्रश्न भिवंडी, मालेगाव किंवा इचलकरंजीकडचा सदस्य विचारतो आणि उत्तराला जोडलेल्या तक्त्यात आपली ओळही असू शकते. हे तक्ते म्हणजे परिशिष्टं. खरी माहिती तिथेच असते. मुख्य उत्तर बहुधा योजनांची नावं सांगण्यातच संपतं.

तिसरं, उत्तर वाचायचं कसं. काही वाक्यं ठरलेली आहेत. ‘हा विषय राज्य सरकारच्या अखत्यारीत येतो’ म्हणजे इथे दार बंद, मुंबईला जा. रेल्वेच्या उत्तरात ‘सर्वेक्षण मंजूर’ दिसलं की लगेच पेढे वाटू नका. सर्वेक्षण, सविस्तर प्रकल्प अहवाल, मंजुरी, निधी, जमीन हे सगळे वेगवेगळे टप्पे आहेत आणि एकेका टप्प्यात वर्षं जातात. ‘माहिती गोळा केली जात असून पटलावर ठेवली जाईल’ हे वाक्य मात्र जपून ठेवा. ते आश्वासन धरलं जातं. सरकारी आश्वासनांची एक संसदीय समिती असते आणि दिलेलं आश्वासन तीन महिन्यांत पुरं करणं अपेक्षित असतं. पुरं झालं नाही तर पुढच्या अधिवेशनात त्याच धाग्यावरून पुन्हा विचारता येतं. पत्रकारितेच्या पोरांना मी सांगतो, एका जुन्या आश्वासनाचा पाठपुरावा करा, दहा पत्रकार परिषदांपेक्षा चांगली बातमी मिळेल.

शहरात नळाला रोज पाणी येत नाही. खासदार यावर दिल्लीत का बोलत नाहीत?

बोलू शकतात, बोलतातही. पण पाणीपुरवठा राज्यसूचीतला विषय आणि प्रत्यक्ष काम महापालिकेचं. केंद्राचा पैसा ज्या योजनेत आहे, तेवढ्याबद्दलच केंद्रीय मंत्र्याला जाब विचारता येतो. म्हणून प्रश्न ‘सोलापूरला पाणी का नाही’ असा केला तर वर सांगितलेलं दार बंद करणारं वाक्य येतं. ‘अमुक केंद्रीय योजनेखाली सोलापूरसाठी किती रक्कम मंजूर, किती दिली, किती खर्च’ असा केला की आकडे येतात. उजनी धरण भरलेलं असताना नळ कोरडा का, हा राग रास्त आहे. पत्ता तेवढा नीट घालायला हवा.

चादर-टॉवेलवरच्या जीएसटीचंही असंच. दर ठरतात ते जीएसटी परिषदेत. तिथे केंद्रीय अर्थमंत्री अध्यक्ष आणि राज्यांचे मंत्री सदस्य असतात. लोकसभेत त्यावर प्रश्न विचारता येतो, दर मात्र तिथे बदलत नाही.

शून्य प्रहर म्हणजे काय?

बाराच्या सुमाराला सदस्य तातडीचे विषय दोन-तीन मिनिटांत मांडतात, तो वेळ. नियमपुस्तकात याला जागा नाही. १९६० च्या दशकापासून रूढीनं चालत आला आहे. मंत्र्यावर उत्तर देण्याचं बंधन नसतं.

खासदारांच्या समाजमाध्यमांवर दिसणाऱ्या चित्रफिती बहुतेक याच वेळेतल्या. ‘लोकसभेत आवाज उठवला’ असं खाली लिहिलेलं असतं. उठवला हे खरं. पण उत्तर आलं का, हे विचारत जा.

आणि नियम ३७७?

जे दुसऱ्या कुठल्या नियमात बसत नाही ते यात. मजकूर आधीच लिहून द्यावा लागतो, बऱ्याचदा तो नुसता पटलावर ठेवला जातो. याला मंत्रालयाकडून सदस्याला नंतर लेखी उत्तर येतं, म्हणून शून्य प्रहरापेक्षा मी याला जास्त किंमत देतो. दाखवायला मात्र यात काही नसतं.

विरोधक म्हणतात चर्चा घ्या, सरकार म्हणतं आम्ही तयार आहोत. मग चर्चा होत का नाही?

कारण भांडण चर्चेचं नसतं, नियमाच्या आकड्याचं असतं. काका मंडळींना हे पोरखेळ वाटतो. तो तसा नाही.

नियम १९३ खाली अल्पकालीन चर्चा होते: सदस्य बोलतात, मंत्री उत्तर देतो, मतदान नाही, सगळे घरी. नियम १८४ खाली प्रस्ताव येतो आणि शेवटी मतदान होतं. म्हणजे सरकारच्या मित्रपक्षांना एका बाजूला उभं राहावंच लागतं. नियम ५६ चा स्थगन प्रस्ताव तर सगळं ठरलेलं काम बाजूला ठेवायला लावतो आणि त्यात सरकारवर ठपक्याचा भाग असतो. तो राज्यसभेत नाही. तिथे विरोधक नियम २६७ मागतात, म्हणजे दिवसाचं कामकाज स्थगित करून चर्चा, आणि सरकार १७६ वर अडून बसतं, म्हणजे अल्पकालीन चर्चा. लक्षवेधी सूचना नियम १९७ ची: मंत्री निवेदन करतो आणि त्यावर थोडे खुलासे विचारले जातात.

जुलै २०२३ मध्ये मणिपूरमधल्या हिंसाचारावरून हेच झालं. राज्यसभेत २६७ विरुद्ध १७६ असा वाद कित्येक दिवस चालला. शेवटी लोकसभेत विरोधकांनी अविश्वास प्रस्ताव आणला. त्याला ५० सदस्यांचा पाठिंबा पुरतो. सरकार पडणार नाही हे त्यांनाही माहीत होतं. पंतप्रधानांनी सभागृहात येऊन बोलावं हा हेतू होता. ८ ते १० ऑगस्ट अशी तीन दिवस चर्चा झाली आणि प्रस्ताव आवाजी मतदानानं फेटाळला गेला.

आपल्या कांद्याचं उदाहरण घ्या. निर्यातबंदी ८ डिसेंबर २०२३ ला लागू झाली तेव्हा हिवाळी अधिवेशन चालू होतं. बंदी घालायला संसदेची परवानगी लागली नाही. विदेश व्यापार महासंचालनालयाची एक अधिसूचना पुरली. सोलापूरच्या बाजार समितीतल्या आडत्याला दुसऱ्या दिवशी जे कळलं, ते खासदारालाही साधारण तेव्हाच कळलं. अशा वेळी सभागृहाच्या हातात फक्त विचारणं उरतं, आणि ते कोणत्या नियमाखाली विचारायचं याला म्हणूनच एवढं महत्त्व.

सभागृहात खुर्च्या रिकाम्या का असतात?

सदस्य समित्यांच्या बैठकांत असतात, मंत्रालयांत फेऱ्या मारत असतात, आणि काही खरोखरच नसतात. गणपूर्तीसाठी, म्हणजे काम चालवायला लागणाऱ्या किमान हजेरीसाठी, एकूण संख्येच्या एक दशांश, म्हणजे लोकसभेत ५५ हवेत. तेवढेही नसतात तेव्हा कुणी हरकत घेईपर्यंत काम चालू राहतं. हरकत आली की घंटा वाजते आणि उपाहारगृहातून माणसं धावत येतात.

विधेयकावर मतदान कसं होतं? नुसतं ‘हां’ आणि ‘ना’ म्हणून?

पहिल्यांदा हो. अध्यक्ष आवाजाचा अंदाज घेऊन निकाल सांगतात. कुणाला तो मान्य नसेल तर मतविभागणी मागता येते. मग लॉबी मोकळ्या करतात, दारं बंद होतात, बाकावरची बटणं दाबून मत नोंदवतात आणि कोण कुणाच्या बाजूनं हे कायमचं नोंदीत जातं. घटनादुरुस्तीला मतविभागणी टळत नाही, कारण एकूण सदस्यांचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचं दोन तृतीयांश, असं दुहेरी गणित जुळवावं लागतं. आर्थिक दुर्बलांच्या आरक्षणाची घटनादुरुस्ती ८ जानेवारी २०१९ च्या रात्री ३२३ विरुद्ध ३ नं मंजूर झाली आणि दुसऱ्याच दिवशी पंतप्रधान सोलापूरच्या सभेत त्याबद्दल बोलले. महिला आरक्षणाला २० सप्टेंबर २०२३ रोजी ४५४ विरुद्ध २ मतं पडली. दुसऱ्या टोकाला १७ एप्रिल १९९९ चा विश्वासदर्शक ठराव: वाजपेयी सरकारच्या बाजूनं २६९, विरोधात २७०, आणि सरकार पडलं.

थेट प्रक्षेपण कधी बंद पडलं आहे का?

पडलं आहे, आणि सोलापूरकरांना ते विसरणं अवघड आहे. फेब्रुवारी २०१४. आंध्र प्रदेशाच्या विभाजनाचं विधेयक. केंद्रीय गृहमंत्री आणि लोकसभेतले सभागृह नेते होते आपल्या मतदारसंघाचे सुशीलकुमार शिंदे. १३ तारखेला त्यांनी विधेयक मांडलं आणि सभागृहात एका सदस्यानं मिरपुडीचा फवारा मारला. खोकत, डोळे चोळत खासदार बाहेर पळाले. काहींना रुग्णालयात न्यावं लागलं. १८ तारखेला विधेयक आवाजी मतदानानं मंजूर झालं, आणि नेमकं त्या वेळी दूरचित्रवाणीचं प्रक्षेपण थांबलं होतं. तांत्रिक बिघाड असं सांगितलं गेलं. विरोधकांनी ते मानलं नाही.

आपल्या पूर्व भागातल्या विणकर घरांची मुळं तेलंगणात. ज्यांच्या गावांचं राज्य ठरत होतं, ज्यांचा खासदार ते ठरवत होता, त्यांच्या टीव्हीवर नेमकी तीच वेळ कोरी. २ जूनला तेलंगण अस्तित्वात आलं. विधेयक योग्य होतं की नाही, यावर आमच्याकडे अजून वाद होतो. प्रक्षेपण चालू असायला हवं होतं, यावर होत नाही.

खासदार स्वतःच्या मतानं मत देऊ शकतात का?

पक्षानं व्हिप, म्हणजे अमुकच मत द्या असा आदेश, काढला असेल तर नाही. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानं, म्हणजे घटनेच्या दहाव्या परिशिष्टानं, व्हिप मोडणाऱ्याचं सदस्यत्व जाऊ शकतं. त्यामुळे भाषणात तुमच्या बाजूचा खासदार मतदानात तुमच्या विरुद्ध दिसला, तर त्याला ढोंगी म्हणण्याआधी व्हिप होता का ते पाहा. माझ्या मते सरकार टिकवण्याच्या आणि अर्थसंकल्पाच्या मतदानापुरताच व्हिप असावा; इतर विधेयकांवर तो चर्चेचा जीव काढतो.

शुक्रवारी दुपारी सगळं एवढं शांत कसं?

शेवटचे अडीच तास अशासकीय कामकाजाचे असतात. मंत्री नसलेला कुठलाही खासदार स्वतःचं विधेयक आणू शकतो. आजवर अशी १४ विधेयकं कायदा झाली, शेवटचं १९७० मध्ये. तरी मला हाच वेळ आवडतो. बरेच सदस्य मतदारसंघाकडे निघालेले असतात, उरलेले जीव ओतून बोलतात.

निलंबन कधी होतं?

अध्यक्षांचा आदेश धुडकावून वारंवार कामात अडथळा आणला की. नियम ३७४ अ खाली वेलमध्ये येणाऱ्या सदस्याचं नाव अध्यक्षांनी घेतलं की तो आपोआप पाच बैठकांसाठी किंवा अधिवेशन संपेपर्यंत, यांतलं जे कमी असेल तितका, बाहेर. डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही सभागृहं मिळून १४६ विरोधी सदस्य निलंबित झाले होते.

‘कामकाजातून काढून टाकलं’ म्हणजे?

ते शब्द अधिकृत नोंदीत राहत नाहीत. मोबाइलवर मात्र राहतात.

सभागृहात मराठीत बोलता येतं का?

येतं. घटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या २२ भाषांपैकी कुठलीही चालते आणि दुभाष्यांची सोय आहे. शपथही अनेक जण मराठीत घेतात. तरी बहुतेक जण हिंदीत किंवा इंग्रजीत बोलतात, कारण मंत्र्यानं थेट ऐकावं असं वाटतं. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू एकाच चौकात ऐकणाऱ्या आपल्या गावाला याचं नवल वाटू नये.

मी बार्शीचा. माझा खासदार कोणता?

जिल्हा सोलापूर, पण लोकसभेला धाराशिव. करमाळा, माढा, सांगोला, माळशिरस हे माढा मतदारसंघात. सोलापूर मतदारसंघात शहर उत्तर, शहर मध्य, दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, मोहोळ आणि पंढरपूर. पत्र पाठवण्याआधी हे बघून घ्या. चुकीच्या दारात पडलेली पत्रं पुष्कळ असतात.

दिल्लीला जाऊन कामकाज पाहता येईल का?

हो, खासदारांच्या शिफारशीनं प्रेक्षक सज्जाचा पास मिळतो. १३ डिसेंबर २०२३ ला सज्जातून दोघांनी सभागृहात उड्या मारल्यापासून तपासणी कडक आहे, म्हणून अर्ज बराच आधी करा. मोबाइल आत नेता येत नाही. सोलापूरहून कर्नाटक एक्स्प्रेस थेट नवी दिल्लीला जाते. आरक्षण काढताना अधिवेशनाच्या तारखा पाहाच, आणि शनिवार-रविवारी बहुधा बैठक नसते हेही.

मी खासदारांना प्रश्न सुचवू शकतो का?

जरूर. त्यांच्या कार्यालयात नुसतं ‘यंत्रमागावर बोला’ असं निवेदन देऊ नका. हार-निवेदनांचा ढीग तिथे रोज येतो. कोणतं मंत्रालय, कोणती योजना, कोणत्या वर्षांची आकडेवारी आणि तिची जिल्हावार फोड, एवढं चार ओळींत लिहून द्या. त्याच विषयावर आधी आलेलं उत्तर असेल तर त्याची तारीख टाका. प्रत्येक मंत्रालयाचा उत्तराचा वार ठरलेला असतो, त्यामुळे अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की लगेच द्या. पंधरा दिवसांच्या सूचनेची अट लक्षात घेता पहिल्या आठवड्यासाठी तेव्हाच घाई असते.

मोठ्या गाऱ्हाण्यासाठी याचिकेचा मार्गही आहे. ठरलेल्या नमुन्यात लिहून, एका सदस्याच्या सहीनं ती लोकसभेत सादर होते आणि याचिका समितीकडे जाते. समिती मंत्रालयाकडून खुलासा मागवू शकते. वेळ लागतो. अभ्यासिकेत नमुना अर्ज ठेवला आहे, त्याची झेरॉक्स घेऊन मूळ कागद परत कपाटात ठेवावा.